दस्तगीर गवंडी आणि पायऱ्यांचा बंगला

भिंतीला कान लावून तिची तब्येत सांगणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? आणि पाहिला असेल, तर त्याचे ऐकले होते का?

मी पाहिला होता. ऐकले नव्हते. म्हणून हे लिहितो आहे.

दस्तगीरचाचा आमच्या गावचे गवंडी. कुणाच्याही घरी गेले की टेकण्याआधी ते भिंतीजवळ जात, हातोडीच्या लाकडी दांड्याने दोन-तीन ठिकाणी ठोकत, एक डोळा मिटून कान लावत आणि मगच बसत. घरचे लोक पाण्याचा तांब्या घेऊन तोवर उभे. एकदा महालिंगप्पांच्या घरी लग्न होते. महालिंगप्पा म्हणजे आमच्याकडचे भुसाराचे व्यापारी, गावात ज्यांचा शब्द सहसा मोडत नाहीत असे. पंगत बसायच्या बेतात होती आणि चाचा भर मांडवात म्हणाले, "अप्पा, इथं वऱ्हाड बसवू नका. ही भिंत पोटातून पोकळ हाय."

"चाचा, आज तरी भिंतीला सोडा की!"

"म्या सोडतो हो. ती सोडंल का वऱ्हाडाला?"

पंगत दुसऱ्या अंगाला बसली आणि व्याही रुसले. भिंत त्या वर्षी पडली नाही, पुढच्याही वर्षी पडली नाही. पण अप्पांनी तिला टेकून बसायचे मात्र कायमचे सोडले.

साठी ओलांडलेला उंच माणूस, पाठीत जरासा वाकलेला. दाढीत चुना असा मुरलेला, की पिकलेला केस कुठला आणि चुना कुठला हे कळत नसे. तपकीर ओढायची आणि दुसऱ्या गवंड्याच्या कामाला नावे ठेवायची, ही त्यांची दोन व्यसने. एखाद्याची नवी भिंत दिसली की थांबून विचारत, "हे बांधलंय का वाळत घातलंय?" या स्वभावापायी आसपासच्या गवंड्यांत त्यांचा एकही मित्र नव्हता. पण कुणाची विहीर खचली किंवा कमान उतरली, तर तेच गवंडी त्यांना बोलवायला गाडी जुंपून येत.

बेंबळीहून सकाळी बैलगाडी निघाली तर न्याहारीच्या वेळी आमचे गाव लागते. गावाच्या उगवतीला टेकाडावर पायऱ्यांचा बंगला आहे. दोन पिढ्यांमागे निजाम सरकारच्या नोकरीत तलावांची आणि रस्त्यांची कामे बघणारा एक साहेब इथे राहिला. तो स्कॉटलंडचा. आपल्या मुलखातल्या घरासारखे घर त्याने आमच्या काळ्या दगडात उठवले. भिंती दोन हात जाड, खिडक्या लहान आणि खोल, छप्पर असे उभे की त्यावरून कावळाही घसरावा. प्रत्येक खोलीत भिंतीच्या पोटात एक चूल, जिच्यावर भाकरी भाजता येत नाही. सगळ्यांत नवलाच्या म्हणजे घराच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंती. त्यांच्या उतरत्या कडा सरळ नाहीत. छपराच्या काठापासून शेंड्यावरच्या धुराड्यापर्यंत दगडी पायऱ्या चढत गेल्या आहेत. त्यांवरून माणूस कधी चढताना दिसला नाही, म्हणून साहेबाने त्या मांजरासाठी केल्या असे गावात म्हणत.

चाचांना ही चेष्टा खपत नसे. बंगल्याच्या कामावर त्यांचे वडील मुख्य गवंडी होते. चाचा सांगत, "साहेबाच्या मुलखात बरफ पडतंय म्हणं, म्हणून छप्पर तसलं. पण पायऱ्या गवंड्यासाठी हायेत. धुराडं तुंबलं, कौल सरकलं, तर शिडी हुडकत बसायला नको. घर उभं ऱ्हायलं की मालक गवंड्याला इसरतो. ह्या येकट्या घरानं आमच्यासाठी जिना ठिवलाय." हे खरे होते की त्यांच्या बापाने लावलेला अर्थ होता, मला ठाऊक नाही. सांगताना मात्र त्यांची पाठ सरळ होई.

बंगल्याच्या खालच्या अंगाला, टेकाडाच्या उतारावर, एका ओळीत बाकीची बांधकामे होती. आधी स्वयंपाकघर, मग बग्गीखाना, मग तबेला आणि शेवटी नोकरांच्या तीन खोल्या. बुटकी छपरे, छोटी दारे. या सगळ्यांची मागची भिंत एकच होती, लांबच लांब. आणि त्या भिंतीच्या पलीकडे मातीची भर घालून बंगल्याचे अंगण केलेले होते. अंगणात उभे राहिले तर खालची ओळ दिसतसुद्धा नसे.

साहेब गेला आणि बंगला हाकिमांच्या मुक्कामाचा झाला. मग तबेल्यात घोडी कमी आणि माणसे जास्त बांधली जाऊ लागली.

इथे माझे थोडे सांगायला हवे. शाळेत आमचे शिक्षण उर्दूत. मराठी मी शिकलो ती पत्रकांवरून. सोलापुरात, इंग्रजांच्या हद्दीत छापलेली निजामाविरुद्धची पत्रके तामलवाडीच्या नाक्यावरून ज्वारीच्या पोत्यांत लपून येत, आणि माझे वडील ती आणत. दिव्याखाली आम्ही ती इतक्यांदा वाचत असू की घड्यांवरची अक्षरे पुसून जात. एकदा वडिलांच्या अंगरख्यात एक पत्रक सापडले. त्यांना बंगल्याच्या तबेल्यात नेले आणि दोन दिवस उभे ठेवले. बसायचे नाही, पाणी मागायचे नाही.

त्या दोन दिवसांतल्या एका दिवशी दस्तगीरचाचा बंगल्याच्या छपरावर कौले बसवत होते. संध्याकाळी उतरले, हत्यारे पिशवीत घातली आणि तबेल्यावरून घराकडे निघाले. वाटेत माझ्या आईने त्यांना गाठले. "भाऊ, आमचं माणूस दिसलं का तुम्हांला?" चाचा खाली बघत म्हणाले, "म्या छपराकडं बघत हुतो, बाई." आणि चालू लागले. ते वाक्य मी विसरलो नाही.

निजामाची सत्ता गेली तेव्हा मी विशीत होतो. गावाची बैठक बसली. बंगला पाडायचा आणि त्याच्या दगडांतून गावात शाळा बांधायची, असा ठराव मीच मांडला. सगळ्यांनी मान डोलावली. कारभार महालिंगप्पांकडे दिला आणि पाडकामाला अर्थातच दस्तगीरचाचांना बोलावले.

चाचांनी सगळे ऐकून घेतले. मग मला विचारले, "तुला दगड पायजेत का शाळा पायजे?"

"शाळा."

"मग ती उभीच हाय की टेकाडावर. फळा तेवढा टांगा."

लोक हसले. चाचा मात्र गंभीर होते. "अप्पा, ऐका माझं. त्या भिंती चुन्यात मुरल्यात. फोडाल तर दगड सुटायचा न्हाय, खडी हुईल. आन् खालच्या ओळीला तर बिलकुल हात लावू नका. बंगल्याची पाठ तिच्यावर टेकली हाय."

मी उभा राहिलो. माझा आवाज चढला होता. "ज्या तबेल्यात माझ्या वडिलांना जनावरासारखं उभं केलं, तिथं गावची पोरं शिकवायची का? का तुम्हांला अजून छपराकडंच बघायचंय, चाचा?"

चाचा उठले. पागोटे नीट केले आणि निघून गेले.

दोन दिवसांनी मी सोलापूरला जाऊन पत्रक छापून आणले. 'गुलामीचे स्मारक' असा मोठ्या अक्षरांत मथळा. त्यात एक वाक्य होते, आणि त्या वाक्याचा मला फार अभिमान होता: 'या बंगल्याचा कैवार घेणारा कोणाचा माणूस आहे, हे गावागावाने ओळखावे.' बंगल्याचा कैवार घेणारा माणूस एकच होता आणि त्याचे नाव दस्तगीर होते. ते दिवस कसले होते, हे आमच्या भागात राहिलेल्याला सांगायला नको; निजामाच्या माणसांवरचा राग कुठल्याही मुसलमानावर निघत होता. नाव लिहायची मला गरजच नव्हती. म्हणून मी ते लिहिले नाही, आणि तेव्हा तो मला माझा मोठेपणा वाटला. बेंबळीच्या बाजारात, लोहाऱ्याच्या बाजारात, मिळेल त्या चावडीवर आम्ही ते पत्रक लावले.

आठवड्याच्या आत चाचांच्या दारावर कुणीतरी कोळशाने माझे ते वाक्य लिहिले. त्यांच्या ओट्यावर तपकिरीसाठी टेकणारी माणसे रस्ता बदलून जाऊ लागली. त्यांची बायको कधीच वारली होती, मुलगी गुलबर्ग्याला दिलेली. मुलीने निरोप धाडला की बाबा, इकडे निघून या. चाचांनी उलट निरोप धाडला, "काम चालू हाय." हातात तर काहीच काम नव्हते.

आम्ही पोरांनी पाडकाम स्वतःच सुरू केले. खालच्या ओळीपासून, आणि त्यातही तबेल्यापासून. माझाच आग्रह. छप्पर उतरवले. मग खोल्या-खोल्यांमधल्या आडव्या भिंती फोडायला घेतल्या. मागची लांब भिंत शेवटी पाडू, ती काय पळून जाते, असा आमचा हिशेब. चाचा म्हणाले होते तेच खरे होते. फोडलेल्या भिंतीतून धड दगड दहातला एक निघे. पण हे कबूल कोण करणार?

एका सकाळी कामावर गेलो तर चाचा बंगल्याच्या कोपऱ्याशी उभे. भिंतीत केसाएवढी बारीक भेग होती. तिच्यावर आडवी एक कागदाची पट्टी ते खळीने चिकटवत होते. जवळ जाऊन पाहिले तर कागद माझ्या पत्रकाचा.

"चाचा, हे काय?"

"कागुद."

"माझं पत्रक फाडलंत?"

"आख्खं न्हाय. दोन बोटं. बाकीचं घरी हाय. वाचून घेतलंय म्या, दोनदा." पट्टीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "कागुद चांगला वापरलास, छापखान्या. पातळ हाय, ताणत न्हाय." पत्रक निघाल्यापासून त्यांनी माझे नाव छापखान्या ठेवले होते.

माझा मित्र भाऊराव खालून ओरडला, "अरे, म्हातारा तावीज चिकटवतोय! बंगला वाचावा म्हणून!"

"तावीजच समज, भाऊराव," चाचा म्हणाले. "ह्यो फाटला की पळा."

पोरे खूप हसली. मीही हसलो. चाचा त्या पट्टीशेजारी सावलीला बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. आम्ही खाली घण घालत होतो आणि वर हा माणूस कागदाकडे बघत बसलेला. आम्हांला तो वेडा वाटला. भिंतीला पडलेली भेग जुनी आणि निजलेली आहे की चालती आहे, हे गवंडी असे तपासतात, हे आम्हांला कुठे माहीत होते? भिंत तसूभर सरकली तरी डोळ्याला दिसत नाही. चिकटलेला कागद मात्र फाटतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तबेल्याची शेवटची आडवी भिंत कोसळली. आम्ही आरोळी ठोकली. ती विरते न विरते तोच वरून चाचांचा आवाज आला, "छापखान्या! पोरं काढ बाहीर! कागुद फाटला!"

"काढा आता नवा तावीज!" भाऊराव हसला.

मी वर पाहिले. पट्टी मधोमध उभी फाटली होती. वारा नव्हता. त्या कागदाला कुणी हात लावला नव्हता. एवढेच मला दिसले. मी ओरडलो. सगळे बाहेर पळाले. बाहेर येऊन बघतो तर काहीच नाही. भिंत जशीच्या तशी. भाऊराव म्हणाला, "माझा सदरा राहिलाय आत," आणि वळला. चाचा तोवर उतारावरून धावत खाली आले होते. त्यांनी त्याचे मानगूट धरले. "सदरा दुसरा शिवू की लेका!"

मग मागची लांब भिंत मधोमध फुगली. अगदी सावकाश, श्वास घेतल्यासारखी. आणि फुटली. दगड आणि वरच्या अंगणातली माती आम्ही क्षणापूर्वी उभे होतो तिथे येऊन पसरली. वर बंगल्याच्या कोपऱ्यातली भेग आता हात जाईल एवढी झाली होती.

आम्ही तोडलेल्या त्या आडव्या भिंती मागच्या भिंतीला टेकू देत होत्या, आणि मागची भिंत आख्ख्या टेकाडाची माती धरून होती. भाऊराव मटकन खाली बसला. चाचांनी कुणालाही बसू दिले नाही. "रडायचं मागनं. बल्ल्या आणा!" महालिंगप्पा ओरडा ऐकून आले. त्यांनी गोदामातली लाकडे गाडीत घालून पाठवली. दिवस मावळेपर्यंत चाचा एकेक बल्ली तिरकी लावून कोपरा सावरत राहिले. मी एक बल्ली खांद्याने पेलून धरली होती. तशा अवस्थेतही मला सुचले ते असे: "चाचा, म्हणजे साहेबाचं घर नोकरांच्या खोल्यांनी धरलं होतं!"

"व्हय. घाल तुझ्या कागदात," चाचा पाचर ठोकत म्हणाले. "पण आधी ती बल्ली नीट धर. हात सुटला तर वाक्य अर्धंच ऱ्हाईल."

महालिंगप्पांनी पुन्हा बैठक बोलावली नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चाचांच्या दारात गेले आणि म्हणाले, "चाचा, फळा टांगतो. भिंत लावून द्या."

त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे चाचांच्या हाताखाली राबलो. घाणीला बैल जुंपून चुना मळला, पडलेले दगड ओळखून परत जागेवर नेले. मागची भिंत उठली, आडव्या भिंती उठल्या, तबेल्यावर छप्पर चढले. चाचांच्या तोंडाला विश्रांती नव्हती. "ए छापखान्या, वळंबा धर. तुझ्या मतानं न्हाय चालायचं, दोऱ्याच्या मतानं चालायचं." दारावरचा कोळसा मी धुऊन काढला. लोक पुन्हा त्यांच्या ओट्यावर टेकू लागले.

एके दुपारी तबेल्याच्या सावलीत आम्ही दोघेच भाकरी खात होतो. चाचा एकदम म्हणाले, "छपरावरून हे दार दिसतं."

मी घास हातात धरून बसलो.

"तुझा बाप आत उभा हुता, म्हाईत हुतं मला. म्या दिवसभर पाठ करून कौलं लावली. भ्यालो. तुझ्या कागदातलं तेवढं म्या कबूल करतो. बाकीचं न्हाय."

त्या दिवशी घरी येऊन मी वडिलांना हे सांगितले. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "त्याच्या हातोडीचा आवाज येत हुता मला. दिवसभर. वाटायचं, आपल्या गावचं कुणीतरी हाय वर." एवढा राग मी ज्यांच्यासाठी धरला, त्यांच्या मनात तो कधी नव्हताच.

शाळा भरली. चाचा बेंबळीला एका विहिरीच्या कठड्याचे काम ठरले म्हणून गेले आणि त्याच दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन परत आले. मी विचारले, "काय झालं?"

"तिथं चावडीवर तुझा कागुद हाय. वाचून दावला त्यांनी मला."

मी तसाच बेंबळीला गेलो आणि ते पत्रक ओरबाडून काढले. लोहाऱ्याला गेलो, तिथले काढले. पण बाजारात वाटलेली पत्रके कुठून गोळा करणार? मग मी दुसरे पत्रक छापले. चुकलो म्हणून लिहिले, या खेपेला चाचांचे नाव घालून. ते कुणी चावडीवर लावले नाही. दुकानदारांनी त्यात हळद बांधली. चाचांना पुढे लोहाऱ्याने काम दिले नाही, बेंबळीने दिले नाही, आणि आमच्या एका गावात बांधायला असे होते तरी किती?

चाचा माझ्यावर चिडले नाहीत. फक्त एकदा विचारले, आणि मनापासून विचारले, "भिंत वाकडी गेली तर आमी ती उतरवतो आन् फिरून लावतो. तुमच्या लिहिण्यात तशी काय रीत हाय का रं?"



दिवाळीनंतर ते गुलबर्ग्याला मुलीकडे जायला निघाले. गाडीत एक ट्रंक आणि पिशवी. महालिंगप्पा म्हणाले, "चाचा, हे तुमचंच गाव हाय." चाचा म्हणाले, "व्हय अप्पा. पण पोट दहा गावांचं असतंय." मला म्हणाले, "मागच्या भिंतीत पाणी निघायला भोकं ठिवल्यात. दरसाल मोकळी करा. पोरं खडे कोंबतील." गाडी हलली. त्यांनी बंगल्याकडे बघितले नाही. बैलाच्या शिंगांकडे बघत राहिले.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचे पत्र आले. चाचा वारले. गुलबर्ग्यात त्यांनी हातोडी धरली नाही, लोकांच्या भिंतींना नावे ठेवत फिरत होते, असे तिने लिहिले आहे.

ते पत्रक अजून तुमच्यापैकी कुणाच्या घरी असेल. पिवळट कागद आहे, 'गुलामीचे स्मारक' असा मथळा आहे. वहीला कव्हर घातले असेल, ट्रंकेच्या तळाशी अंथरले असेल, दाराच्या फटीत कोंबले असेल. ते शोधा. जाळू नका, फाडू नका. त्याची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर शाईने, मोठ्या अक्षरांत लिहा: 'पलीकडचे खोटे आहे. दस्तगीर गवंडी खरे बोलत होते.' खाली माझे नाव घाला, छापील बाजूला आहे तेच. आणि ते तुमच्या गावच्या चावडीवर, ही बाजू वर करून, खळीने घट्ट लावा.